साठ क्रेडिट्स झाली, तरी पदवी का अडली?

साठावं क्रेडिट पदरात पडलं त्या रात्री मी कॉलेजच्या पोर्टलवर माझं डिग्री ऑडिट उघडलं. सगळ्या ओळींपुढे हिरवी खूण होती, फक्त एक ओळ लाल होती : मानव्यविद्या, ३ क्रेडिट्स बाकी. मी डिजिटल फोटोग्राफीचा कोर्स केला होता. कला म्हणजे मानव्यविद्याच, असं मी धरून चालले होते. कॉलेजच्या मान्य यादीत मात्र कलेचा इतिहास होता, संगीताची ओळख होती, फोटोग्राफी नव्हती. तिची क्रेडिट्स ऐच्छिक विषयांच्या खात्यात गेली आणि एका कोर्सपायी पदवी पुढच्या सत्रावर ढकलली गेली.

तेव्हापासून न्यू जर्सीतल्या ओळखीच्या घरांतून मला विचारणा होत असते. विचारणाऱ्या बहुतेक जणी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, भारतात पदवी घेतलेल्या. मुलं शाळेत जायला लागली की घरबसल्या दोन वर्षांची असोसिएट डिग्री करावी, असं त्यांच्या मनात असतं. त्यांचं गाडं मुख्य विषयावर क्वचितच अडतं. ते अडतं जनरल एज्युकेशनवर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'जेन-एड'वर. त्याबद्दल कानोकानी जे फिरतं, त्यातलं खरं काय आणि चुकीचं काय, ते इथे सांगते.

गैरसमज : जेन-एड म्हणजे बारावीची उजळणी. उगाच भरती केलेले विषय.

वस्तुस्थिती : अनेक असोसिएट पदव्यांचा मोठा भाग जेन-एडचाच असतो. न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेजांत 'असोसिएट इन आर्ट्स' साधारण ६० क्रेडिट्सची असते आणि त्यातली किमान ४५ जेन-एडची. लेखन-संभाषणाची ९, गणित-विज्ञान-तंत्रज्ञान मिळून १२, सामाजिक शास्त्रांची ६, मानव्यविद्यांची ९, इतिहासाची ६ आणि सामाजिक विविधतेच्या अभ्यासाची ३. 'असोसिएट इन सायन्स'ला हा आकडा किमान ३० आणि थेट नोकरीकडे नेणाऱ्या 'अप्लाइड सायन्स'ला किमान २०.

यामागे विचार आहे. कामाचं शिक्षण घेणाऱ्याने नागरिक म्हणूनही शिकावं, हा आग्रह दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जोराने मांडला गेला. हार्वर्डचा १९४५ चा अहवाल आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाचा १९४७ चा अहवाल ही त्यातली दोन ठळक नावं. 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ झाला तो या दुसऱ्या अहवालामुळे. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानंतर कॉमर्सच्या मुलांना दुसऱ्या शाखेतला विषय 'ओपन इलेक्टिव्ह' म्हणून घ्यावा लागतो. त्याची जात हीच.

आणि उजळणी म्हणाल, तर इंग्लिश कॉम्पोझिशनच्या पहिल्याच निबंधाने माझा तो समज पुसला. शाळेत शिकवल्याप्रमाणे मी छान सुरुवात केली, भारदस्त वाक्यं लिहिली. निबंध परत आला तेव्हा समासात प्राध्यापिकेने एकच प्रश्न चार ठिकाणी लिहिला होता : "हे कशावरून?" मुद्दा मांडायचा, त्याला आधार द्यायचा, तो आधार कुठून घेतला ते नोंदवायचं आणि विरुद्ध बाजूलाही उत्तर द्यायचं. असं लिहायला मला पदवीपर्यंत कुणी शिकवलं नव्हतं.

गैरसमज : गटात बसेल असा कुठलाही विषय चालतो.

वस्तुस्थिती : विषयाच्या नावाला इथे किंमत नाही, मान्य यादीतल्या कोर्स क्रमांकाला आहे. एकाच कॉलेजात गणिताचे पाच कोर्स असतील, तर त्यातला एखादा पूर्वतयारीचा असतो. तो उत्तीर्ण व्हावा लागतो, पण पदवीत धरला जात नाही. नर्सिंगकडे जाणाऱ्याला शरीररचनाशास्त्र लागतं, बिझनेसकडे जाणाऱ्याला बहुधा संख्याशास्त्र किंवा कॅल्क्युलस. जेन-एडचा रकाना 'सोप्या गणिता'नेही भरता येतो, पण मग पुढच्या पदवीला लागणारं गणित वेगळं करावं लागतं.

म्हणून नोंदणीच्या आधी तीन गोष्टी शेजारी शेजारी उघडून बसा : आपण प्रवेश घेतला त्या वर्षाचा कॅटलॉग, जेन-एडची मान्य यादी आणि आपलं डिग्री ऑडिट. ऑडिटमध्ये 'समजा हा कोर्स घेतला तर' असं तपासायची सोय बऱ्याच कॉलेजांत असते. मी ती वापरली असती, तर माझं एक सत्र वाचलं असतं.

गैरसमज : ऑनलाइन आहे, म्हणजे वेळ मिळेल तसं करता येतं.

वस्तुस्थिती : तास ठरलेला नसतो, पण आठवडा ठरलेला असतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या व्याख्येप्रमाणे एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास शिकवणं आणि किमान दोन तास स्वतःचा अभ्यास, असं साधारण १५ आठवडे चालतं. तीन क्रेडिट्सचा कोर्स म्हणजे आठवड्याचे नऊ तास. कोर्स ऑनलाइन असल्याने हे ओझं कमी होत नाही. तोच कोर्स सात आठवड्यांच्या छोट्या सत्रात घेतला, तर आठवड्याला अठरा तासांहून जास्त लागतात. घर, मुलं आणि अर्धवेळ काम सांभाळून असे दोन कोर्स एकत्र घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

शिवाय प्राध्यापकाने विद्यार्थ्यांशी नियमित आणि अर्थपूर्ण संवाद ठेवणं ही ऑनलाइन कोर्ससाठी सरकारी अट आहे. नाहीतर तो कोर्स पत्रद्वारा शिक्षणात मोडतो. म्हणूनच चर्चेच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहावं लागतं, सहाध्यायांना उत्तरं द्यावी लागतात आणि त्याला गुण असतात.

गैरसमज : प्रयोगशाळा आणि भाषण ऑनलाइन होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : होतं, पण घराची थोडी उलथापालथ करून. जीवशास्त्राच्या कोर्ससाठी माझ्याकडे एक खोकं आलं : काचपट्ट्या, मोजपात्रं, रंगद्रव्याच्या बाटल्या, छोटा सूक्ष्मदर्शक. स्वयंपाकाच्या ओट्यावर मी कांद्याचा पापुद्रा सोलला, आयोडीनचा थेंब टाकला आणि डोळा लावला. विटांची भिंत रचावी तशा पेशी दिसल्या. ज्या कांद्याने रोज डोळ्यांत पाणी आणलं, तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असं वाटलं. प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि निरीक्षणं वेळेत पाठवायची होती.

पब्लिक स्पीकिंगच्या कोर्सची अट होती की समोर किमान पाच प्रौढ श्रोते हवेत, आणि ते चित्रणात दिसले पाहिजेत. शनिवारी शेजारच्या बायकांना बोलावून मी लिज्जत पापडावर सात मिनिटं बोलले : १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेला उद्योग. पाय कापत होते, पण इंग्रजीतलं माझं पहिलं भाषण मी ओळखीच्या चेहऱ्यांपुढे केलं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नर्सिंग, दंतआरोग्य अशा शाखांचे काही अभ्यासक्रम घरी केलेली प्रयोगशाळा मान्य करत नाहीत. त्या वाटेने जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी लेखी विचारावं.

गैरसमज : भारतातली पदवी असली की जेन-एड आपोआप माफ. किंवा याच्या उलट : तिकडच्या पदवीला इथे शून्य किंमत.

वस्तुस्थिती : खरं या दोन्हींच्या मध्ये आहे. कॉलेज बहुधा मान्यताप्राप्त संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागतं. नुसतं 'ही पदवी याच्या बरोबरीची' एवढं सांगणारा अहवाल स्वस्त असतो, पण क्रेडिट्ससाठी विषयवारच लागतो. बी.कॉम.चं अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र, बी.एस्सी.चं रसायनशास्त्र यांची क्रेडिट्स मिळण्याची शक्यता चांगली असते. इंग्रजी लेखन आणि अमेरिकेचा इतिहास हे विषय बहुधा उरतातच. शिवाय काही क्रेडिट्स, अनेक ठिकाणी १५, त्याच कॉलेजात करावी लागतात.

विद्यापीठाच्या सीलबंद गुणपत्रिका मागवायला वेळ लागतो. पुढे शिकायचा नुसता विचार असला, तरी सुट्टीत मायदेशी गेलात की ते काम उरकून या.

गैरसमज : एका कॉलेजची क्रेडिट्स कुठेही चालतात.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त नुकसान या समजामुळे होतं, कारण प्रत्येक राज्याचं गणित वेगळं आहे. न्यू जर्सीत २००८ पासून राज्यव्यापी करार आहे. त्यानुसार 'आर्ट्स' किंवा 'सायन्स'ची असोसिएट पदवी पूर्ण करून राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेल्यास जेन-एड पूर्ण धरलं जातं. 'अप्लाइड सायन्स'ला हे संरक्षण नाही. कॅलिफोर्नियात २०२५ च्या शरदापासून 'कॅल-गेटसी' ही एकच यादी लागू आहे : ११ कोर्स, ३४ युनिट्स आणि प्रत्येकात किमान 'सी' श्रेणी. टेक्सासचा जेन-एडचा गाभा ४२ क्रेडिट्सचा, आणि त्यात अमेरिकेच्या इतिहासाची ६ आणि शासनव्यवस्थेची ६ येतात. फ्लोरिडात ३६.

नवऱ्याची बदली झाली आणि घर न्यू जर्सीहून डॅलसला गेलं, तर केलेलं जेन-एड वाया जात नाही. पण टेक्सासच्या शासनव्यवस्थेचा कोर्स नव्याने समोर येतो. हलण्याआधी असोसिएट पूर्ण करता आली तर जरूर करा. अर्धी क्रेडिट्स कोर्सगणिक तपासली जातात, पुरी पदवी पुष्कळ ठिकाणी एकगठ्ठा विचारात घेतली जाते. 'डी' श्रेणीने कोर्स उत्तीर्ण होतो, पण कॉलेज बदलताना बहुधा गळतो. कॉलेजला मान्यता कुणाची आहे, हे केंद्रीय शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतं. ते पाहिल्याशिवाय कुठेही पैसे भरू नका.

उरलेले दोन छोटे समज

'प्रत्येक कोर्स वर्गात बसूनच करावा लागतो' : नाही. कॉलेज बोर्डाच्या 'क्लेप' परीक्षांत साधारण ५० गुण मिळाले, तर अनेक कॉलेजं थेट क्रेडिट देतात. पण कुठल्या परीक्षेला कुठलं क्रेडिट, हे कॉलेज ठरवतं.

'व्हिसा कुठलाही असो, ऑनलाइन चालतं' : एच-फोरवर शिकायला मुभा आहे. एफ-वन या विद्यार्थी-व्हिसावर मात्र पूर्णवेळ अभ्यासक्रमात दर सत्राला एकच ऑनलाइन कोर्स, जास्तीत जास्त तीन क्रेडिट्सचा, धरला जातो. त्यामुळे अमेरिकेत राहून पूर्ण ऑनलाइन पदवी एफ-वनवर करता येत नाही.

मला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा असतो, "ताई, सोपा कोर्स कुठला?" मी उलट विचारते, "दोन वर्षांनी कुठे जायचंय?" विद्यापीठ ठरलं की त्याची यादी काढायची आणि तिथून मागे मागे येत आजचा कोर्स निवडायचा. मुख्य विषय बदलला, तरी मान्य यादीतून नीट निवडलेलं जेन-एड बहुतेक वेळा कामी येतं. पदवीतला सर्वांत लांब सोबत करणारा भाग तोच आहे.

आणि कुणी छातीठोकपणे म्हणालं, "घे गं, हा कोर्स धरतात," तर माझ्या प्राध्यापिकेने समासात लिहिलेला प्रश्न त्यांना विचारा : हे कशावरून? उत्तर ॲडव्हायझरकडून लेखी मागा, ते ई-मेल जपून ठेवा आणि मगच नोंदणीचं बटण दाबा.