नमुना पाठवा

ऑपेरा हाऊसचे थिएटर २०१६ साली पुन्हा उघडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. त्याच्या आजूबाजूला, गिरगावच्या अंगाला, मोटारींच्या सुट्या भागांचा जो बाजार आहे, त्याच्या वाट्याला मात्र चार ओळीही येत नाहीत. अरुंद दुकाने, माळ्यापर्यंत रचलेली खोकी, काउंटरवर तेलकट कॅटलॉग आणि व्हर्नियर कॅलिपर. गावोगावचे मेकॅनिक वर्षानुवर्षे इथूनच पार्सलने माल मागवत आले आहेत. ज्यांच्या दारात जुना डॉज किंवा फार्गो उभा आहे, त्यांना आजही पहिला फोन इथेच करावा लागतो.

या ट्रकांचे मूळही मुंबईचेच. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीत गाड्यांची जुळणी सुरू केली. नुसती जुळणी करणाऱ्यांना पुढे जागा नाही, असे टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर ठरले आणि १९५४ साली कंपनीने गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांची १९४४ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स मात्र टिकली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो बाहेर पडले; पुष्कळांच्या पोटात पर्किन्सचे पी-६ हे सहा सिलिंडरचे, ४.७ लिटरचे डिझेल इंजिन असे. आता कंपनीचे पार्ट्स खाते नाही. जुना साठा दुकानांच्या माळ्यावर आणि चोरबाजारात जेवढा उरला, तेवढाच.

म्हणून सांगतो, बोनेटवरचे नाव दुकानदाराला सांगून फारसे काही साधत नाही. डॉज आणि फार्गो ही बरीचशी एकाच ट्रकाची दोन नावे. नंबर सांगावा. बेअरिंगवर ६२०५ लिहिले असेल, तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. ट्रक कुठल्याही कंपनीचा असो, ते आजही नवे मिळते. ऑइल सीललाही आतले माप, बाहेरचे माप आणि जाडी हे तीन आकडे पुरतात. घोटाळा होतो तो आट्यांत. इंग्रजी व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी आट्यांचा ६०चा. बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की हाउसिंगचीच वाट लागते.

मी एकदा फोटो बघून किंग पिनचा संच मागवला होता. खोके सुरेख होते, पिन सुताभर जाड निघाली. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून एक कसोटी धरली आहे: पैशांच्या आधी जो इंजिन नंबर विचारतो, मापे मागतो आणि ‘नमुना पाठवा’ म्हणतो, तोच खरा विक्रेता. ‘सगळं मिळेल’ म्हणणाऱ्याकडे बहुधा काहीच नसते. ‘हे नाही, करून घ्या’ असे तोंडावर सांगणारा दुकानदार मला सर्वांत मोलाचा वाटतो.

करून घ्यायचे तर लालबाग-परळकडे वळावे. तिथल्या गाळ्यांतल्या लेथवर गिरण्यांच्या यंत्रांचे भाग कातले जात. गिरण्या गेल्या, तरी ती विद्या सगळी गेली नाही. झिजलेला बुश समोर ठेवला की टर्नर मूळ माप ताडतो आणि गनमेटलचा नवा कातून देतो.

माल येण्याच्या वाटाही जुन्याच. हलका असेल तर टपालाने. गिअरबॉक्स मात्र ट्रान्सपोर्टनेच येणार, बिल्टी दाखवून गोदामातून सोडवायचा. व्हीपीचा, म्हणजे माल हाती घेताना पैसे मोजायच्या टपालाचा, भरवसा मोठा वाटतो, पण पैसे मोजल्यावरच पार्सल फोडता येते, हे विसरू नये.

सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’चा दर्जा दिला, तोही खासगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना. ज्या मालट्रकांनी बाजार समित्या भरल्या, त्यांचा त्यात उल्लेखही नाही.

तेव्हा ट्रकवाल्यांनो, एवढे करा. नमुना पाठवण्याआधी त्याची मापे वहीत उतरवून ठेवा, आणि नवा पार्ट बसून गाडी शंभर किलोमीटर धावेपर्यंत जुना भंगारात घालू नका.