शेवटची बोली कोणाची?

दिवाळीनंतर वडिलांबरोबर यवतमाळच्या किंवा वणीच्या बाजार समितीत तुम्ही कापसाची गाडी नेली असेल. गाडीभोवती व्यापारी जमतात, कोणी आत हात घालून मूठभर कापूस उपसून पाहतो आणि हर्रास सुरू होतो. भाव चढत जातो आणि एका ठिकाणी थांबतो. तो नेमका तिथेच का थांबला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

समजा, तीन व्यापारी आहेत. पहिला क्विंटलमागे ७,००० रुपयांपर्यंत, दुसरा ७,३०० पर्यंत आणि तिसरा ७,९०० पर्यंत जायला मनातून तयार आहे. बोली ७,३०० च्या किंचित वर गेली की दुसरा गप्प बसतो आणि गाडी तिसऱ्याला मिळते. ७,९०० हा आकडा कोणी पुकारतच नाही! आता समजा, दुसरा व्यापारी त्या दिवशी आलाच नाही. गाडी तिसऱ्याच्याच पदरात पडेल, पण ७,००० च्या जरा वर. माल तोच, घेणाराही तोच, भाव मात्र सुमारे ३०० रुपयांनी खाली. म्हणजे माल कोणाकडे जाणार हे सर्वांत गरजू गिऱ्हाईक ठरवते आणि भाव ठरवतो त्याच्या खालचा. लिलावांचे हे गणित विल्यम व्हिकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली एका निबंधात बारकाईने मांडले. त्याबद्दल त्यांना १९९६ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि नंतर तीनच दिवसांत ते वारले. (आपल्याकडे १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली तेव्हा घेणारा एकच होता, सरकार. तेथे हर्रासाला जागाच नव्हती. त्या दिवसांविषयी आजोबांना विचारा, ते पुष्कळ सांगतील.)

आता गाडीच्या जागी माणूस ठेवायचा आहे. हे लिहिताना मला जरा अवघड वाटते, पण आयपीएलच्या लिलावात नेमके तेच घडते.

शुभम दुबे हा यवतमाळात जन्मलेला, विदर्भाकडून खेळणारा डावखुरा फलंदाज. २०२३ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने ७ डावांत २२२ धावा काढल्या, त्याही दर १०० चेंडूंना १८७ या वेगाने. बंगालविरुद्ध २१३ धावांचा पाठलाग करताना त्याने २० चेंडूंत नाबाद ५८ धावा ठोकल्या. १९ डिसेंबर २०२३ रोजी दुबईत लिलाव झाला. त्याची मूळ किंमत होती २० लाख रुपये. राजस्थान आणि दिल्ली या संघांत चुरस लागली आणि राजस्थानने त्याला ५ कोटी ८० लाखांना घेतले.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सौदी अरेबियातील जेद्दाह येथे मोठा लिलाव झाला. शुभम पुन्हा बोलीवर आला. घेणारा संघ? राजस्थानच. किंमत? ८० लाख!

तुम्ही म्हणाल, अकरा महिन्यांत एवढा काय बिघडला हा मुलगा? उत्तर द्यायची घाई करू नका, आधी पैशांचा हिशेब पाहू. २०२३ च्या लिलावाच्या सकाळी राजस्थानच्या थैलीत १४ कोटी ५० लाख होते. त्यातले ७ कोटी ४० लाख रोव्हमन पॉवेलवर आधीच गेले. उरले ७ कोटी १० लाख. म्हणजे शुभमसाठी राजस्थानची मनातली कमाल मर्यादा ५.८ कोटींहून कमी नव्हती आणि ७.१ कोटींहून जास्त असणे शक्यच नव्हते. प्रयोगशाळेत आपण एखादी राशी या दोन आकड्यांच्या दरम्यान आहे असे म्हणतो, तसेच हे. दिल्लीची मर्यादा ५.८ कोटींच्या आत होती, हेही आपोआप कळते. गंमत अशी की दिल्लीची सकाळची थैली त्याहून मोठी होती, २८ कोटी ९५ लाखांची! नुसत्या थैल्या मोजून भाकीत केले असते तर ते चुकले असते. थैली ही मर्यादा आहे, इच्छा नव्हे.

२०२४ मध्ये राजस्थानला तो अजून हवा होता, पण त्याच्या खालचा संघ ८० लाखांच्या आतच थांबला. कापसाच्या गाडीजवळचा दुसरा व्यापारी त्या दिवशी आला नव्हता. ५.८ कोटी आणि ८० लाख या आकड्यांत शुभमच्या मनगटातील जोर मोजलेला नाही. मुख्यतः मोजली गेली आहे ती त्या दिवशीची दुसऱ्याची गरज.

अमरावतीचा जितेश शर्मा त्याच लिलावात होता, आणि तेथे हा नियमही वाकतो. बंगळूरची बोली ७ कोटींवर थांबल्यावर त्याच्या जुन्या पंजाब संघाने बरोबरीच्या किमतीत त्याला परत घेण्याचा हक्क पुढे केला. मग बंगळूरला शेवटचा एकच आकडा सांगायची मुभा होती. त्यांनी एकदम ११ कोटी सांगितले आणि पंजाबने माघार घेतली. येथे किंमत दुसऱ्याच्या मर्यादेने ठरली नाही. ती ठरली दुसऱ्याची मर्यादा किती असेल या अंदाजाने.

लिलावात खेळाडूला विचारत नाहीत. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत मात्र करार संपलेला खेळाडू १ जुलैपासून हव्या त्या संघाशी करार करू शकतो. तेथे भाकीत करणाऱ्याला खेळाडूच्या मनातही डोकवावे लागते. जॉन टॅव्हारेस हा न्यूयॉर्क आयलँडर्सचा कर्णधार. १ जुलै २०१८ रोजी तो टोरोंटोला गेला, सात वर्षांसाठी ७ कोटी ७० लाख डॉलरवर. लहानपणी टोरोंटो संघाच्या चित्रांची चादर पांघरून झोपलेल्या स्वतःचा फोटो त्याने त्या दिवशी प्रसिद्ध केला. आता ती चादर गणितात कशी बसवायची?

म्हणून भाकीत एका नावाचे करायचे नसते, संभाव्यता वाटून द्यायच्या असतात. दहा संघ आहेत. काहीच माहीत नसेल तर प्रत्येकाला १०० पैकी १०. माहिती मिळेल तसे कोणाचे वाढवा, कोणाचे कमी करा, बेरीज १०० च राहिली पाहिजे. आणि भाकीत कितपत साधले हे मोजायचे कसे? अमेरिकेच्या हवामान खात्यातील ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली पावसाच्या भाकितांसाठी एक पद्धत सुचवली. प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीला १ आणि बाकीच्यांना ० धरायचे, त्यातून तुमची संभाव्यता वजा करायची, वजाबाक्यांचे वर्ग करून मिळवायचे. उत्तर जितके लहान तितके भाकीत चांगले. सर्वांना सारखे १० देणाऱ्याचे उत्तर ०.८१ + ०.०९ = ०.९० येते. एकालाच १०० देणारा बरोबर निघाला तर ०, चुकला तर २. फुशारकीला येथे दुप्पट दंड आहे.

जेद्दाहच्या लिलावाआधी मी बारावीच्या वर्गात शुभमसाठी अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या. तो विकलाच गेला नाही तर चिठ्ठ्या बाद, असे ठरले होते. मीही एक लिहिली: दिल्लीला ५०, कारण आदल्या वर्षी त्यांनीच चुरस लावली होती. राजस्थानला फक्त २, कारण ज्यांनी सोडले ते पुन्हा कशाला घेतील? उरलेल्या आठ संघांना प्रत्येकी ६. निकालानंतर फळ्यावर हिशेब मांडला: ०.९६ + ०.२५ + ०.०३, म्हणजे १.२४. काहीच माहीत नसलेल्यापेक्षाही वाईट!

मागच्या बाकावरच्या एका मुलीने राजस्थानला ४६ आणि बाकी नऊ संघांना ६-६ दिले होते. तिचे उत्तर आले ०.३२. मी कारण विचारले. ती म्हणाली, "सर, तो नको म्हणून त्यांनी सोडला नाही. सहाच खेळाडू ठेवता येतात, म्हणून सोडला." नियम मीही वाचला होता. चिठ्ठी लिहिताना तो आठवला नाही, एवढेच.

पुढच्या लिलावाआधी तुम्हीही अशा चिठ्ठ्या लिहा. पाकीट चिकटवून वर्गशिक्षकांकडे ठेवा, आणि निकाल लागल्यावर हिशेब फळ्यावरच करा.