कादंबरीकाराची हजेरी

लेखक म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. रात्र उलटून गेली आहे, चहा निवला आहे आणि महाशय स्फूर्तीची वाट पाहत बसले आहेत. आम्हां कामगार चळवळीतल्या मंडळींना हे चित्र कधी पटले नाही. म्हणून घड्याळ पुढ्यात ठेवून लिहिणाऱ्या एका कादंबरीकाराची हकिकत सांगतो.

अँथनी ट्रॉलप १८१५ साली लंडनमध्ये जन्मला. १८३४ मध्ये टपाल खात्यात कारकून म्हणून लागला. पगार वर्षाला ९० पौंड. ही नोकरी त्याने १८६७ पर्यंत केली, आणि ती सांभाळूनच लिहिले. आयुष्यभरात कादंबऱ्या झाल्या ४७.

पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात जाई. पुढे दर पाव तासाला २५० शब्द. तीन तास झाले की काम बंद, न्याहारी आणि मग कचेरी. कादंबरी सुरू करताना तो रोजनिशी आखून ठेवी व रोज किती पाने झाली ते मांडी. आमच्या गिरणीतला हजेरीपटच म्हणा ना! आठवड्याची सरासरी ४० पाने, पान २५० शब्दांचे. आता हिशेब करा: रोजचा नेम पुरता पाळला असता तर ७० पाने भरली असती. म्हणजे खाडे त्यालाही पडत होते.

खात्याच्या कामासाठी आगगाडीने सारखी फिरती असे. तेव्हा त्याने मांडीवर ठेवण्याजोगे लहानसे लिहिण्याचे मेज करून घेतले. डब्यात पेन्सिलीने लिहायचे आणि घरी पत्नीने त्याची नक्कल करायची. १८५७ सालची 'बारचेस्टर टॉवर्स' बरीचशी अशीच झाली.

पण साडेपाचला साहेबांना उठवून कॉफी कोण देई? घोड्यांची निगा राखणारा म्हातारा नोकर. या जादा कामाचे त्याला वर्षाला ५ पौंड मिळत, म्हणजे दिवसाला साडेतीन पेन्सही नाहीत. आपल्या यशाचे सर्वांत मोठे ऋण याच माणसाचे, असे ट्रॉलपने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. ऋण मान्य केले हे चांगलेच. दर मात्र आम्ही मान्य केला नसता.

आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली निघाले. त्यात त्याने लेखकाच्या कामाची तुलना चांभाराच्या कामाशी केली आणि पुस्तकागणिक कमाईही मांडली. एकूण ६८,९३९ पौंड आणि वर काही शिलिंग. रसिक मंडळी दुखावली. कला अशी मोजतात काय?

आम्हांला मोजण्याचे वावडे नाही. मात्र उक्त्या कामाचा कामगार आणि ट्रॉलप यांत एक फरक आहे. कामगाराचे माप दुसरा ठरवतो. याचे माप याने स्वतः ठरवले होते. शिवाय पगाराचा आधार होता. पहिली कादंबरी १८४७ साली आली, पण ज्याला तो स्वतः लेखनाची पहिली कमाई म्हणतो, ती हाती पडली १८५५ संपता संपता: ९ पौंड, ८ शिलिंग, ८ पेन्स. टपाल खाते पाठीशी नसते तर इतकी वर्षे चूल कशावर पेटली असती?

१८६७ मध्ये त्याने राजीनामा दिला. साठीच्या आत नोकरी सोडल्याने पेन्शन बुडाली. पण तेवढेच उत्पन्न देईल अशी पुंजी साठेपर्यंत त्याने राजीनाम्याचा कागद पुढे केला नव्हता.