दोन आठवड्यांचा रोजमेळ

खान्देशातील जुन्या पेढ्यांवर रोजमेळ जुळल्याशिवाय दिवस संपत नसे. गल्ल्यातील रोकड आणि वहीतील शिल्लक यांत चार आण्यांचा फरक पडला, तरी मुनीमजी रात्री पुन्हा बेरीज करावयास बसत. प्रश्न चार आण्यांचा नव्हता. आजची चूक आजच सापडली तर ती एका पानापुरती राहते. महिनाभर राहिली तर तिच्यावर आणखी दहा चुका चढतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

त्याच घरांतील मुले-मुली आज जळगाव, धुळे, शिरपूर येथे अभियांत्रिकी शिकून पुण्या-बंगळुरूच्या संगणक कंपन्यांत काम करतात. सुटीत घरी आली की ‘आमचा स्प्रिंट चालू आहे’ असे सांगून पंधरा मिनिटांसाठी बाजूला जातात. वडीलधाऱ्यांना हा शब्द परका वाटतो. त्यामागील विचार मात्र त्यांच्या ओळखीचा आहे.

स्प्रिंट म्हणजे शब्दशः थोड्या अंतराची वेगाची धाव. कामाच्या व्यवस्थापनात त्याचा अर्थ आहे आधी ठरवून घेतलेली छोटी मुदत, बहुधा दोन आठवड्यांची आणि कधीही एका महिन्याहून अधिक नाही. तिच्या अखेरीस कामाचा एक तरी भाग पूर्ण होऊन वापरता आला पाहिजे. या विचाराचे एक मूळ १९८६ मध्ये सापडते. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादने घडविणाऱ्या कंपन्यांची कार्यरीत तपासली आणि तिला रग्बीच्या खेळाची उपमा दिली. सारा संघ एकत्र पुढे सरकतो, एकाने काम संपवून दुसऱ्याच्या हाती सोपवावे असे तेथे नसते. पुढे जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी ‘स्क्रम’ ही पद्धत घडवून १९९५ मध्ये जगापुढे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञांनी एकत्र येऊन आपल्या विचारांना ‘अ‍ॅजाइल’ हे नाव दिले.

या पद्धतीचे नियम थोडे आहेत. करावयाच्या सर्व कामांची एकच यादी असते आणि तिचा क्रम ठरविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो. तिला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. स्प्रिंटच्या आरंभी त्या मुदतीचे उद्दिष्ट निश्चित होते आणि यादीतून झेपेल तेवढेच काम उचलले जाते. काम करणारी मंडळी दररोज पंधरा मिनिटे भेटतात, उद्दिष्टाकडे किती सरकलो आणि अडचण कोठे आहे ते पाहतात. शेवटी दोन बैठका होतात. पहिलीत तयार झालेले काम ज्यांना वापरावयाचे आहे त्यांना दाखविले जाते. दुसरीत आपण कसे काम केले, काय चुकले, पुढच्या वेळी काय बदलावे, याचा विचार होतो. ठरावीक काळाने मागे वळून आपले दोष पाहणे हे पाक्षिक प्रतिक्रमणाची परंपरा असलेल्या घरांना नवे नाही. तेथे दृष्टी आत्म्याकडे असते आणि येथे केवळ कामाकडे, एवढा भेद ध्यानी ठेवावा.

खान्देशातील शेतकऱ्याला हीच गोष्ट पाण्यावरून समजते. पाटाने पाणी सोडले की शेत एकदाच भरते, पण किती पाणी मुळापर्यंत गेले आणि किती वाया गेले ते कळत नाही. ठिबकने पाणी थोडे थोडे, मुळापाशी आणि ठरावीक वेळाने जाते. पीक पाहून पुढची मात्रा कमी-अधिक करता येते. हे ठिबक शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेणारे पद्मश्री भवरलालजी जैन मूळचे जळगाव जिल्ह्यातील वाकोदचे. १९६३ मध्ये त्यांनी सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलचा व्यवसाय सुरू केला. पुढे बियाणे, खते अशी शेतीला लागणारी एकेक वस्तू त्यात आली. १९७८ मध्ये त्यांनी केळीच्या भुकटीचा आजारी कारखाना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन बनविण्याचे काम उभे केले. नंतर पीव्हीसी पाइप आणि मग ठिबक आले. स्प्रिंट हा शब्द त्या प्रवासात कोठेही नव्हता. परंतु एक पाऊल टाकावे, त्यातून शिकावे आणि मगच पुढचे ठरवावे, ही रीत या मातीतील आहे, एवढे त्यावरून दिसते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कुटुंबाची दाळमिल आहे आणि ९० किलोमीटरवरील धुळ्यात घाऊक विक्रीची पेढी. साठा, उधारी आणि जीएसटीची बिले यांसाठी संगणक व्यवस्था करून घ्यावयाची आहे. नेहमीच्या रीतीने सर्व मागण्या एकदाच लिहून दिल्या, निम्मी रक्कम आगाऊ दिली आणि वर्षभर वाट पाहिली, तर व्यवस्था निरुपयोगी असल्याचे दिवाळीलाच कळेल. तोवर पैसाही गेलेला असेल आणि घरात कोणाचे चुकले यावरून बोलाचालीही झालेली असेल.

स्प्रिंटच्या रीतीने पहिल्या दोन आठवड्यांचे उद्दिष्ट एवढेच राहील : जळगावच्या गोदामातील तूरडाळीचा साठा धुळ्याच्या पेढीवर मोबाइलमध्ये दिसावा. चौदाव्या दिवशी ते मुनीमजींना दाखविले जाईल. ते पाहताच म्हणतील, “यात तीस किलोचे आणि पन्नास किलोचे कट्टे एकत्रच मोजले आहेत.” ही चूक दोन आठवड्यांच्या खर्चात सापडली. दुसऱ्या स्प्रिंटमध्ये ती दुरुस्त होईल आणि धुळ्याची उधारी जोडली जाईल. ज्यांनी तीस वर्षे वही सांभाळली, त्यांचे ज्ञान अशा रीतीने संगणकात उतरते. अन्यथा ते बाजूला पडते.

खरी कसोटी मात्र घरातच लागते. एकत्र कुटुंबात सकाळी बाबूजी एक काम सांगतात, दुपारी काकासाहेब दुसरे, आणि सायंकाळी थोरले बंधू दोन्ही थांबवून तिसरे. स्प्रिंट चालू असता त्याच्या उद्दिष्टाला बाधा येईल असा बदल करू नये, असा नियम आहे. सुचलेली गोष्ट यादीत लिहावी, तिचा विचार पुढच्या वेळी व्हावा. ज्यांच्या शब्दावर पेढी चालली, त्यांना दोन आठवडे थांबा असे सांगणे सोपे नाही. सांगणाऱ्या मुलीने किंवा मुलानेही ते नम्रतेने सांगावे. आणि चौदाव्या दिवशी काम अपुरे राहिले असेल, तर ते अपुरे आहे असेच दाखवावे. झाकून ठेवलेले काम हे न लिहिलेल्या उधारीसारखे असते.

दोन गोष्टींची सावधगिरी हवी. नाव धावण्याचे असले तरी ही पद्धत माणसांना धाप लागेपर्यंत पळविण्यासाठी नाही. अ‍ॅजाइलच्या बारा तत्त्वांपैकी एक असे सांगते की, कामाचा वेग दीर्घकाळ टिकविता यावा असा असावा. शिवाय, दाळ भरडण्यासारख्या रोजच्या, ठरलेल्या कामाला स्प्रिंटची गरज नसते. जेथे काम नवे आहे आणि नेमके काय हवे ते करून पाहिल्यावरच कळणार आहे, तेथे ती उपयोगी पडते.

आरंभासाठी संगणकही लागत नाही. एक कोरी वही, कामांची यादी, क्रम ठरविणारी एक व्यक्ती आणि दोन आठवड्यांची एक मुदत पुरे. पंधराव्या दिवशी बाबूजी, मुनीमजी आणि पुण्याहून आलेली नात एकाच गादीवर बसून काय झाले, काय राहिले हे मोकळेपणाने पाहू शकली, तर पुढचा स्प्रिंट ठरविणे अवघड जाणार नाही.