इतिहासाची पदवी आणि चरितार्थ

रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल येथे १८६५ साली जन्मलेले इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी राहिले, राजपुत्रांच्या अध्यापनानिमित्त केलेल्या टिपणांतून त्यांची ‘मराठी रियासत’ आकारास आली, आणि पुढे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड त्यांनी संपादिले. तरीही त्याच जिल्ह्यात ‘इतिहास घेऊन पुढे करणार काय?’ असे पालक काळजीने विचारतात, आणि त्या काळजीस उत्तर देणे प्राप्त आहे.

विद्यापीठातला इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर नव्हे. समजा, मोडी पत्रावर ‘खमस खमसैन मया व अलफ’ असा शुहूर सन आहे. या अरबी संख्याशब्दांचे पाच, पन्नास, शंभर व हजार मिळून ११५५ झाले; त्यांत ५९९ मिळवले की इसवी सन १७५४ निघते, मात्र शुहूर वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने पत्र जानेवारीपासून मृगापर्यंतच्या काळातले असल्यास ६०० मिळवावे लागतात. काळ ठरला की पत्र अस्सल की नक्कल, लिहिणाऱ्याचा मतलब काय, दुसरा कागद त्यास दुजोरा देतो की नाही, हे पारखायचे. हीच पारख वकिली, वृत्तपत्रे आणि सरकारी अंमल यांत उपयोगी पडते.

बी.एड. करून शाळेत, एम.ए.नंतर नेट वा सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात अध्यापन करता येते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत या विषयाचा आधार मिळतो. पुराभिलेखागारे व वस्तुसंग्रहालये आहेतच, आणि इनाम-वतनांच्या जुन्या दस्तऐवजांचे लिप्यंतर करणाऱ्या मोडी-जाणकारांकडे जमिनीच्या दाव्यांतील पक्षकार येतात. रत्नागिरीत तर सामग्री उंबरठ्याशी आहे: ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी १९१० साली उभा राहिलेला राजवाडा आणि उक्षी, कशेळी, देवीहसोळ येथील सड्यांवरची कातळशिल्पे. कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यांची नोंदणी, जतन आणि पर्यटकांस जाणतेपणाने दाखवणे, ही कामे प्रशिक्षित माणसांचीच आहेत.

मात्र सरकारी जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हे लपवण्यात अर्थ नाही. केवळ पदवीच्या भरवशावर बसणाऱ्याची निराशा होईल. म्हणून पहिल्याच वर्षी मोडी, पुरातत्त्व, संग्रहालयशास्त्र वा एखादी परभाषा यांपैकी एक विद्या जोडीस घ्यावी, आणि पालकांनीही ‘पुढे काय?’ याऐवजी ‘जोडीला काय?’ असे विचारावे.