उद्याची भाषा : मराठी मुले आणि इंग्रजी भविष्यकाळ

राज्यातील मराठी शाळांत सन २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तरीही ढोकी परिसरातील दहावी झालेला विद्यार्थी मुलाखतीत 'पुढे काय करणार?' या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीत देताना अनेकदा अडखळतो. शब्द त्याला ठाऊक असतात. पण उद्याविषयी बोलण्यासाठी त्याच्या हाताशी 'विल' एवढे एकच रूप असते. आपल्या माजी विद्यार्थ्यांना 'आय शॅल, यू विल, ही विल' हा तक्ता आठवत असेल. तक्ता पाठ होतो. परंतु कोणते रूप केव्हा वापरावे, हे तो सांगत नाही.

वस्तुतः हा विवेक आपल्या मातृभाषेत आहेच. 'मी अभ्यास करीन' यात वचन आहे. 'मी परिचारिका होणार आहे' यात आधीच केलेला निश्चय आहे. 'मी उद्या पुण्याला जात आहे' यात ठरलेली व्यवस्था आहे. इंग्रजीतही तसेच आहे. वचनासाठी 'आय विल स्टडी', निश्चयासाठी 'आय ॲम गोइंग टु बी अ नर्स', तिकीट काढून झाले असेल तर 'आय ॲम गोइंग टु पुणे टुमारो'. आभाळ भरून आले की आपण 'पाऊस पडणार' म्हणतो. तेथेही 'इट इज गोइंग टु रेन' हेच योग्य. वेळापत्रकाला मात्र साधा वर्तमानकाळ पुरतो. 'लातूरची गाडी सहाला सुटते' किंवा 'वंदना सकाळी सुरू होते' ही वाक्ये दोन्ही भाषांत वर्तमानकाळीच राहतात.

मग चूक कोठे होते? जेथे दोन भाषांच्या वाटा वेगळ्या होतात तेथे. जड बादली पाहून आपण म्हणतो, 'थांबा, मी उचलतो.' मूल त्याचे 'आय कॅरी' करते. हवे असते 'आय विल कॅरी इट'. हाक आली की आपण 'आलोच!' म्हणतो. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र क्षणभरानंतरचा. इंग्रजीत तेथे 'आय ॲम कमिंग' म्हणावे लागते. 'पाऊस पडला तर आम्ही येणार नाही' याचे इंग्रजी 'इफ इट रेन्स, वुई वोन्ट कम'. 'तो येईल तेव्हा मी सांगेन' याचे 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. 'इफ' आणि 'व्हेन' यांच्या पाठोपाठ येणाऱ्या अशा उपवाक्यात 'विल' येत नाही, हा नियम लक्षात ठेवावा.

ही अडचण केवळ आपलीच नव्हे. स्पॅनिश बोलणारेही मदत देऊ करताना वर्तमानकाळ वापरतात, म्हणून इंग्रजी शिकताना त्यांच्याही तोंडी 'आय कॅरी' असेच वाक्य येते. उलट 'गोइंग टु'सारखीच 'जाणे' क्रियापदाची रचना त्यांच्या भाषेत असल्याने ते रूप त्यांना लवकर साधते. अशी चूक म्हणजे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. ती मातृभाषेची सावली असते. सावली ओळखता आली की चूक दुरुस्त करणे सोपे जाते.

सरावासाठी तक्त्यापेक्षा प्रश्न उपयोगी. वसतिगृहात रात्री पाच मिनिटे दोघांनी समोरासमोर बसावे. प्रत्येकाने उद्याविषयी चार वाक्ये बोलावीत: एक वचन, एक निश्चय, एक वेळापत्रकाचे, एक 'इफ'चे. दुसऱ्याने प्रत्येक वेळी विचारावे, 'हे आत्ता ठरले की आधीच ठरले होते?' उत्तर मिळाले की रूप बहुधा आपोआप सुचते.

पालकांनाही यात स्थान आहे. ज्या मातापित्यांना इंग्रजी येत नाही, त्यांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला मराठीतच विचारावे, 'उद्या काय करणार आहेस? नक्की ठरले का?' मूल इंग्रजीत उत्तर देईल. ते उत्तर तपासण्याचे काम शिक्षकांचे. प्रश्न विचारण्याचा अधिकार आईवडिलांचा. आपल्या उद्याविषयी स्पष्टपणे बोलता येणारे मूल मुलाखतीच्या खोलीत मान खाली घालून बसणार नाही.