विश्लेषण : ओमेगाने २५ कोटींना घेतलेले स्वतःचेच जुने घड्याळ ‘जोडकाम’ कसे निघाले?

नोव्हेंबर २०२१ मध्ये फिलिप्स या लिलाव संस्थेने जिनिव्हात एक जुने ओमेगा स्पीडमास्टर घड्याळ विकले. ८० हजार ते १ लाख २० हजार स्विस फ्रँक मिळतील, असा अंदाज होता. बोली गेली ३१ लाख फ्रँकच्या वर, म्हणजे सुमारे २५ कोटी रुपयांवर. खरेदीदार होते खुद्द ओमेगाचे संग्रहालय! मात्र, हे घड्याळ वेगवेगळे भाग जुळवून तयार केलेले होते आणि त्यात आपलेच तीन माजी कर्मचारी सामील होते, असे कंपनीने जून २०२३ मध्ये जाहीर केले.

या घड्याळात विशेष काय?

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेले मनगटी घड्याळ. १९५७ मध्ये आलेल्या स्पीडमास्टरने वेग मोजण्याची पट्टी डायलवरून काचेभोवतीच्या कडीवर आणली. एक किलोमीटर जायला ३० सेकंद लागले, की काटा १२० वर येतो. तोच ताशी वेग. ‘२९१५-१’ हे त्याचे पहिलेच मॉडेल. लिलावातल्या घड्याळाची काळी डायल वर्षानुवर्षांत तपकिरी झालेली होती. एरवी हा दोष वाटेल. संग्राहक मात्र अशा ‘ट्रॉपिकल’ डायलला जास्त पैसे मोजतात.

मग फसगत कशी झाली?

बहुतेक सुटे भाग ओमेगाचेच होते. ओमेगाच्या जुन्या घड्याळात क्रमांक असतो तो आतल्या मशीनवर. तो कंपनीच्या जुन्या नोंदींशी जुळवून मॉडेल आणि तारीख कळते. पण दाखला मशीनचा असतो, किंमत डायल-काट्यांची! हे सगळे भाग पहिल्यापासून एकत्रच होते, हे त्या नोंदीतून सिद्ध होत नाही. वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडलेल्या अशा घड्याळाला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात.

अभ्यासक काय तपासतात?

* डायलवरील अक्षरांचे वळण, काट्यांची लांबी आणि कडीवरील आकडे त्याच वर्षाचे आहेत का?
* डायल आणि काट्यांवरचा चमकणारा लेप एकाच काळातला आहे का? साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात रेडियम असे. त्याची चमक विझली तरी किरणोत्सर्ग राहतो आणि गायगर काउंटरवर कळतो.
* हेच घड्याळ जुन्या लिलावांच्या फोटोंत वेगळ्या रूपात दिसते का?

आपल्याकडे काय काळजी घ्यावी?

डायल नव्याने रंगवलेल्या जुन्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. वापरायला ती वाईट नसतात; ‘ओरिजिनल’ म्हणून विकली, की फसवणूक होते. त्यामुळे पैसे देण्याआधी मागचे झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागावा. आजोबांचे घड्याळ दुरुस्तीला देताना डायल पॉलिश करू नका, असे आधीच बजावावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा. नव्यासारखी चमक आली, की जुन्या घड्याळाची किंमत बहुधा उतरते.